वर्दीवर (मदतीचा कॉल आला म्हणून) गेल्यावर आत ऑटिझम (स्वमग्नता) असलेलं मूल असेल तर? जवानांना काय शिकवू?

फायरमन_दुसरीपाळी

नमस्कार मंडळी. मी अग्निशमन दलात आहे. नव्या जवानांची ड्रिल घेण्याचं काम माझ्याकडे असतं. आग, पूर, पडलेली इमारत, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, या सगळ्याची ड्रिल ठरलेली आहे. पण काही दिवसांपूर्वी एका वर्दीला धूर भरलेल्या घरात आम्ही हाका मारत शिरलो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा कपाट आणि भिंतीच्या फटीत उभा होता, आमच्यापासून हातभर अंतरावर. त्याने ओ दिली नाही. टॉर्चचा उजेड तोंडावर पडला तसा तो आणखी आत सरकला. खाली उभी असलेली त्याची आजी आम्ही जिना चढत असताना ओरडून म्हणाली होती, "हाकेला येणार नाही तो, फटी बघा," म्हणूनच तो सापडला. नंतर कळलं, त्याला ऑटिझम आहे, बोलत नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. पुढच्या ड्रिलमध्ये मला एक तास मिळणार आहे. ऑटिझम म्हणजे काय याचे स्लाइड दाखवले तर पोरं संध्याकाळपर्यंत विसरतील. तिथे उभं असताना तोंडाने काय बोलायचं, हाताने काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, एवढं हवंय. ज्यांच्या घरात असं मूल किंवा मोठं माणूस आहे, किंवा ज्यांना स्वतःला ऑटिझम आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

सावली_आणि_ऊन

दादा, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचंच इतकं बरं वाटलं की हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. उंचीने माझ्या पुढे गेलाय, मिसरूड फुटलंय, आणि तोंडात मोजके शब्द. बाकीचं तो टॅब्लेटवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगतो. रस्त्यात अनोळखी माणसाला तो पंधरा वर्षांचा धडधाकट मुलगा दिसतो, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही तशाच असतात. पोलीस, जवान, डॉक्टर यांच्याशी गाठ पडते तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

पोरांच्या डोक्यात आधी एवढं बसवा: ओ आली नाही म्हणजे खोली रिकामी आहे असं धरायचं नाही, आणि सांगितलेलं केलं नाही म्हणजे मुलगा उद्धट आहे असंही धरायचं नाही. अलार्मचा आवाज तुम्हाआम्हाला नुसता त्रासदायक वाटतो, माझ्या मुलाला तो कानात दुखतो. त्यात धूर, फिरणारे लाल दिवे, वॉकी-टॉकीची खरखर, आणि बीए सेट (धुरात श्वास घ्यायला तोंडावर मास्क, पाठीवर हवेची टाकी) लावलेला, चेहरा न दिसणारा, श्वासाचा फुस्स फुस्स आवाज करणारा माणूस दारात. तो आगीपासून पळेल तसाच तुमच्यापासूनही पळेल. पळायला जागा नसेल तर लपेल. पलंगाखाली, कपाटात, वॉशिंग मशिनच्या मागे, पांघरुणांच्या ढिगात, बाथरूमच्या कोपऱ्यात. अंगाला चारी बाजूंनी दाब लागेल अशी अरुंद जागा अशा अनेक मुलांना धीर देते, म्हणून तुमचा तो मुलगा फटीत सापडला. तेव्हा हाकेवर विसंबू नका, हात घालून शोधा. आणि बाहेर घरचं माणूस असेल तर "आत कोण आहे" याच्या पाठोपाठ विचारा, "घाबरला की तो कुठे जाऊन बसतो?" घरच्यांना ते बहुतेक वेळा ठाऊक असतं.

आमच्याकडे एकदा खालच्या मीटर बॉक्सला आग लागली होती. वर धूर विरळ होता, घाई होती पण जिवावर बेतलेलं नव्हतं. माझा मुलगा बाथरूममध्ये नळ घट्ट धरून बसला. मी ओढलं तर त्याने पकड आणखी आवळली. तेवढ्यात तिघे जवान दारात आले आणि तिघेही एकदम बोलू लागले. त्यातल्या वयाने मोठ्या जवानाने हाताने इतर दोघांना मागे केलं, हेल्मेट काढून शेजारी ठेवलं आणि उंबऱ्यावर उकिडवा बसला. मला विचारलं, "याच्याशी कसं बोलता तुम्ही?" मी म्हटलं, "आधी हे, मग ते, असं सांगा. थोडक्यात." तो म्हणाला, "आधी बूट. मग जिना. मग गाडी." आणि गप्प बसला. एवढंच. पुन्हा पुन्हा बोलला नाही. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला, पण माझ्या मुलाला ऐकलेलं आत पोचायला तेवढा वेळ लागतोच. मग तो म्हणाला, "गाडी," आणि नळ सुटला.

आणखी एक गोष्ट त्या माणसाने केली. माझा मुलगा डब्याचं एक निळं झाकण जवळ बाळगतो, बोटावर गरगर फिरवतो. ते फरशीवर पडलं होतं. उठताना त्याने आधी ते उचलून मुलाच्या हातात दिलं. पूर्ण जिना उतरेपर्यंत ते झाकण फिरत होतं. कुणी हात झटकत असेल, डोलत असेल, एकच शब्द घोळवत असेल, तर त्याला थांबवू नका. तो त्यानेच स्वतःला सावरून धरत असतो.

खाली आल्यावर तो गर्रकन वळला आणि परत जिन्याकडे धावला. त्याच्या दृष्टीने घर हीच सुरक्षित जागा. जवानाने त्याचं कोपर सोडलेलं नव्हतं म्हणून निभावलं. हे ड्रिलमध्ये ठळक सांगा: बाहेर काढलेलं मूल किंवा माणूस पुन्हा आगीत शिरू शकतं. एका माणसाने फक्त त्याच्याजवळच राहायचं, दुसरं काही काम करायचं नाही.

बोलण्याबद्दल थोडं. एकानेच बोलायचं, हळू आवाजात. "पळू नकोस" याऐवजी "थांब" म्हणा, म्हणजे काय करायचं ते कळतं. "दोन मिनिटांत येतो" म्हणालात तर तो खरंच दोन मिनिटं मोजेल, म्हणून जे होणार नाही ते बोलू नका. काही मुलं तुमचंच वाक्य परत म्हणतात. "तुला लागलंय का?" विचारलं की "लागलंय का" म्हणतील. तो होकार समजू नका, नकारही समजू नका. बोट दाखवून विचारा, चित्र दाखवा, किंवा आईवडिलांना विचारा.

रुग्णवाहिका_परिचारक

सावलीताईंनी सगळं पोटतिडकीने आणि नेमकं लिहिलंय. मी रुग्णवाहिकेवर काम करतो, माझ्या बाजूने थोडी भर.

पोचल्यावर शक्य असेल तर सायरन आणि वरचे दिवे बंद करतो. निम्मा ताण तिथेच उतरतो. तपासायला डोक्याकडून सुरुवात करत नाही, पायाकडून वर जातो, कारण चेहऱ्याजवळ हात आला की बरीच मुलं बिथरतात. बीपीचा पट्टा आधी आईच्या दंडाला लावून दाखवतो, बोटाचं ऑक्सिमीटर आधी माझ्या बोटाला. दुखणं सांगता न येणं ही मोठी अडचण. हाड मोडलेलं असताना शांत बसलेलं मूल मी पाहिलंय, म्हणून रडत नाही म्हणजे लागलं नाही असं धरू नका. फिट्स येण्याचं प्रमाणही या लोकांमध्ये इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे रोजची औषधं कोणती ते विचारून पिशवी बरोबर घ्याच.

आणि एक विनंती. कितीही धडपड झाली तरी पालथं पाडून पाठीवर भार देऊ नका. काहींचे स्नायू मुळातच ढिले असतात, छाती दबली की श्वास लवकर कोंडतो. २०१३ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यात डाउन सिंड्रोम (जन्मापासून असणारी, बौद्धिक वाढीवर परिणाम करणारी स्थिती) असलेला २६ वर्षांचा एक तरुण सिनेमा संपल्यावर, पुढच्या खेळाचं तिकीट नसताना, खुर्चीतून उठायला तयार नव्हता. त्याला सांभाळणारी बाई तिथेच होती आणि जरा थांबा म्हणून सांगत होती. तरी ड्युटीवर नसलेल्या, सुरक्षेचं काम करणाऱ्या पोलिसांनी त्याला जबरदस्तीने उठवायचा प्रयत्न केला, झटापट झाली आणि श्वास कोंडून तो गेला. तिथे आग नव्हती, घाई नव्हती, फक्त तिकिटाचा प्रश्न होता. मी नव्या मुलांना ही घटना प्रत्येक वेळी सांगतो.

फायरमन_दुसरीपाळी

दोघांचे मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं. ताई, "आधी बूट, मग जिना" हे तर मी पोरांकडून पाठच करून घेणार आहे.

पण एक शंका आहे. तुमच्याकडे धूर विरळ होता. खोलीच पेटलेली असेल आणि वाट बघायला वेळच नसेल, तेव्हा काय करायचं?

सावली_आणि_ऊन

तेव्हा उचला. विचारत बसू नका. माझ्या मुलाचा जीव वाचणार असेल तर त्याची मर्जी राखत तिथे कुणी थांबलेलं मला अजिबात चालणार नाही.

उचलतानाही फरक पडतो, तो सांगते. एकच वाक्य बोला: "तुला उचलतोय. बाहेर." उत्तराची वाट पाहू नका, पण हात लागण्याआधी त्याच्या कानावर ते पडू दे. मनगट धरून ओढू नका. बोटांचा हलका स्पर्श, खांद्यावर थोपटणं याने त्याच्या अंगावर निखारा पडल्यासारखं होतं. त्याउलट पूर्ण तळव्याने, घट्ट, पसरून धरलेलं त्याला सोसतं. चादर किंवा ब्लँकेट हाताशी असेल तर त्यात गुंडाळून छातीशी धरा, डोळ्यांसमोरचं सगळंही झाकलं जातं. तोंड आणि नाक मोकळं ठेवा. तो चावेल, डोकं मागे आपटेल, म्हणून तुमची हनुवटी बाजूला ठेवा. जवानाला राग येणं साहजिक आहे, पण तो मारामारी करत नसतो, त्याचा ताबा सुटलेला असतो. बाहेर आल्यावर लगेच प्रश्न विचारू नका, गर्दीपासून लांब न्या आणि गप्प बसा. बघ्यांचे मोबाइल खाली करायला लावणं हेही त्या वेळी मोठं काम आहे.

आता तुम्ही विचारलं नाहीत तेही लिहिते, कारण आग क्वचित लागते, मुलं हरवणं मात्र फार वेळा होतं. 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली अमेरिकेतल्या पालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास आला होता. त्यात ऑटिझम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर निदान एकदा तरी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निघून जायचा प्रयत्न केला होता. काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता राहिलेल्यांपैकी सुमारे चौथा भाग मुलं बुडता बुडता वाचली होती. पाणी! यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोका कळत नाही. त्यामुळे शोधाची वर्दी आली की सगळ्यात आधी जवळची विहीर, तळं, नदी, पोहण्याचा तलाव, उघडी टाकी, नाला. घराजवळच्या पाण्यावर आधी माणसं उभी करा, मग बाकीचा शोध. नावाने पुकारा करून उपयोग होईलच असं नाही, तो दहा फुटांवर झुडपात बसून ऐकत असेल आणि ओ देणार नाही. कुत्र्याची भीती असेल तर श्वानपथक आणण्याआधी घरच्यांना विचारा. आवडीचं गाणं आईच्या आवाजात लावलं तर कधी कधी तो आपण होऊन येतो. आणि त्याला काय आवडतं ते विचाराच. माझा मुलगा हरवला तर मी आधी उघडझाप होणारे दरवाजे शोधेन, लिफ्ट, सरकते जिने, असलं काही.

हेडफोन_हवाच

मला स्वतःला ऑटिझम आहे, वय तिशीच्या पुढे, नोकरी करते, एकटी राहते. लहान मुलांबद्दल वर भरपूर आलंय, म्हणून मोठ्यांबद्दल लिहिते.

मी एरवी छान बोलते. पण आवाज आणि गोंधळ वाढला की शब्द बंद होतात. मी तुमच्याकडे पाहणार नाही, "नाव काय?" या प्रश्नाला उत्तर देणार नाही, कदाचित कान झाकून खाली बसेन. दारू प्यायलीय, नशेत आहे, काहीतरी लपवतेय, असे तीनही तर्क माझ्याबाबत लोकांनी केलेले आहेत. अशा वेळी फोन किंवा कागद पुढे करा, मी लिहून सांगू शकते. "हो की नाही" असा प्रश्न विचारा, मान हलवता येते. टॉर्च डोळ्यांवर मारू नका. माझ्या पर्समध्ये मला ऑटिझम आहे असं सांगणारं कार्ड आहे, पण पर्समध्ये एकदम हात घातला तर पोलीस दचकतात हे मला माहीत आहे, म्हणून "कार्ड आहे का? हळू काढा" असं तुम्हीच म्हणालात तर फार सोपं जाईल.

काही खुणा जवानांना दाखवून ठेवा. हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुलं असलेला गळ्यातला पट्टा ब्रिटनमध्ये गॅटविक विमानतळावर २०१६ साली सुरू झाला, आता बऱ्याच देशांत चालतो. दिसून न येणारं अपंगत्व असलेली माणसं तो घालतात. जपानमध्ये टोकियोने २०१२ साली लाल रंगाचं, पांढरं अधिकचं चिन्ह आणि हृदयाचा आकार असलेलं 'हेल्प मार्क' काढलं. पण खूण नाही म्हणजे अडचण नाही असं समजू नका. मी रोज काही घालत नाही.

फायरमन_दुसरीपाळी

हे तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं की बोलणाऱ्या माणसाचंही बोलणं बंद होऊ शकतं. धन्यवाद ताई.

दोन गोष्टी अजून. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की एवढ्या थोड्या लोकांसाठी वेगळा तास कशाला. त्यांना काय सांगू? आणि घरांची माहिती आधीच आमच्याकडे असावी असं वाटतं, ती कशी असावी?

रुग्णवाहिका_परिचारक

साहेबांना सांगा की संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात कलम ११ खास यासाठीच आहे, आपत्तीत दिव्यांगांचं संरक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. आणि २०११ च्या जपानमधल्या भूकंप-त्सुनामीचा अनुभव सांगा. बाधित भागात दिव्यांगांमधलं मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दुप्पट होतं. जे वाचले त्यांच्यापैकी ऑटिझम असलेल्या मुलांच्या कित्येक घरांना निवारा केंद्रातला गोंगाट सोसला नाही, ती माणसं मोटारीत किंवा मोडक्या घरात राहिली आणि मदतीच्या यादीतून निसटली. म्हणजे निवारा केंद्रात एक खोली, तीही नसेल तर पडदा लावलेला एक कोपरा, रांगेत उभं न राहता मिळणारं जेवण, एवढी सोय आधीच हवी.

शिवाय हा तास थोड्या लोकांपुरता नाही. हळू बोलणं, एकानेच बोलणं, वाट पाहणं हे स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनाही तितकंच लागतं. ते हरवले की बहुधा जुन्या घराच्या किंवा जुन्या कामाच्या वाटेला लागतात, ते पत्ते विचारून घ्या. बहिऱ्या माणसाशी बोलताना उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर घ्या. अंध माणसाला ओढू नका, आपलं कोपर धरू द्या.

सावली_आणि_ऊन

माहितीबद्दल सांगते. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी पोलिसांचा 'हर्बर्ट प्रोटोकॉल' आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईतून परतलेले जॉर्ज हर्बर्ट म्हातारपणी आपलं लहानपणचं घर शोधायला निघाले होते आणि त्यातच गेले, त्यांच्या नावाने हा फॉर्म आहे. घरचे तो आधीच भरून ठेवतात, माणूस हरवलं की लगेच पोलिसांच्या हातात. मला ही पद्धत फार पटली, कारण त्या घटकेला आईला स्वतःच्या मुलाचा शर्ट कोणत्या रंगाचा होता तेही आठवत नाही.

आमच्या घराच्या दाराच्या आतल्या बाजूला असाच एक कागद चिकटवलाय आणि त्याची प्रत शेजाऱ्यांकडे आहे. वर या वर्षीचा फोटो. खाली लिहिलंय: मोजकंच बोलतो, समजतं. नावाला ओ देत नाही. घाबरला की बाथरूम किंवा पलंगाखाली. पाण्याकडे जातो, पोहता येत नाही. कुत्र्याला घाबरतो. "आधी, मग" असं सांगा. निळं झाकण द्या. फिट्सचं औषध फ्रिजच्या दारात, रात्री नऊला. डोक्याला हात लावू नका. मग तीन फोन नंबर. यापेक्षा जास्त लिहू नका, पळता पळता वाचायचं असतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत माहिती देण्याआधी त्याला स्वतःला विचारायला हवं, आणि असे कागद कुणाच्याही हाती पडणार नाहीत याची काळजी तुमच्या कंट्रोल रूमने घ्यायला हवी. वर्षातून एकदा फोटो आणि औषधं बदलून घ्या.

फायरमन_दुसरीपाळी

असाच फॉर्म तयार करतो. शेवटचं विचारतो, जवळच्या विशेष शाळेत बंब घेऊन जायचा विचार आहे. मुलांना आमची सवय व्हावी म्हणून. त्याने भीती वाढेल का?

सावली_आणि_ऊन

जरूर जा, पण एकदाच जाऊन फोटो काढून येऊ नका, पुन्हा पुन्हा जा. पहिल्या भेटीत सायरन वाजवू नका. बंब लांब उभा करा, मुलांना त्याच्याभोवती त्यांच्या वेगाने फिरू द्या. बीए सेट घालून आत शिरू नका, तो जमिनीवर ठेवा, हात लावू द्या, श्वासाचा आवाज मास्क हातात धरून ऐकवा. मग त्यांच्या समोर एकेक वस्तू घाला आणि एकेक काढा, म्हणजे आत तोच माणूस आहे हे त्यांना दिसेल. पुढच्या भेटीत शाळेच्या जिन्यावरून सगळे मिळून खाली उतरा, अलार्म न वाजवता. आवाज त्यानंतर, तोही आधी मोबाइलवर अगदी बारीक. जे मूल नको म्हणेल त्याला त्या दिवशी लांबूनच बघू द्या. शिक्षिकांना आठवडाभर आधी तारीख, वेळ आणि जे जवान येणार त्यांचे गणवेशातले आणि साध्या कपड्यातले फोटो पाठवा, त्या मुलांना रोज दाखवतील. आणि तारीख एकदा ठरली की शक्यतो बदलू नका. वर्दी आलीच आणि तुम्हाला जाता आलं नाही, तर शाळेत तसा फोन करा, म्हणजे शिक्षिका मुलांना वेळेत सांगू शकतील.